तहान, मीठ आणि भोंगा

आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचे पहिले ताट देवापुढे आणि दुसरे वडिलांपुढे, असा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. वडिलांच्या शेवटच्या तीन दिवाळ्यांतही आईने तो मोडला नाही. मात्र त्या दुसऱ्या ताटात शेव नसे, चकली नसे, चिवडा नसे. अळणी भाकरी, उकडून पाणी काढून टाकलेली भाजी आणि शेजारी पाण्याचा पेला, एवढेच असे. पेल्यातले पाणीही मोजलेले. दिवसभरात पाणी किती प्यायचे हे डॉक्टरांनी ठरवून दिले होते आणि गोळ्या गिळायला लागणारे पाणी व सकाळचा चहाही त्याच मापात धरायचा होता. आठवड्यातून दोनदा आम्ही त्यांना डायलिसिसला नेत असू.

१९७२ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातले आपले गाव सोडून ते भोसरीला आले आणि एका फाउंड्रीत कामाला लागले. पस्तीस वर्षे त्यांनी भट्टीपुढे काढली. तहान मारायची त्यांना इतकी सवय झाली होती, की सुट्टीच्या दिवशीही ते दुपारपर्यंत पाण्याला हात लावीत नसत. जन्मभर पाणी समोर असताना प्यायले नाहीत, आणि रात्रंदिवस तहान लागू लागली तेव्हा पाणी वर्ज्य झाले.

मूत्रपिंडे कशाने गेली, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी एकच कारण सांगितले नाही. रक्तदाब, बरीच वर्षे कळून न आलेला मधुमेह, अंगदुखीच्या गोळ्या, भट्टीची उष्णता अशी तीन-चार नावे त्यांनी घेतली आणि कोणाचा वाटा किती हे आता सांगता येणार नाही, असे म्हणाले. तेव्हापासून हा हिशेब मी माझ्या परीने मांडून पाहत आहे. माझे शिक्षण शालान्त परीक्षेपाशी थांबले. पुढचे जे काही आहे ते वाचून आणि विचारून मिळवलेले. परंतु ह्या हिशेबाची सगळीच पाने वैद्यकाची नाहीत. बरीचशी इतिहासाची आहेत, आणि ती वाचायला मास्तरकी पुरते.

मूत्रपिंड हा मोठा सोशिक अवयव आहे. पाठीच्या कण्याच्या दोन बाजूंना, मुठीएवढी ही दोन पिंडे. प्रत्येकाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण हृदयातून जेवढे रक्त बाहेर पडते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येकात दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतला जातो आणि दीड-दोन लिटर तेवढा बाहेर पडतो. निम्म्याहून अधिक गाळण्या निकामी झाल्या तरी माणूस कामावर जातो, लग्नाच्या पंगतीत जेवतो, वारीलाही जाऊन येतो. दुखत काहीच नाही. पाय सुजले, भूक मेली, धाप लागू लागली, म्हणजे मग तपासणी होते. आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

मुतखडा मात्र गाजावाजा करीत येतो, म्हणून आपल्या पूर्वजांना तो चांगला ओळखीचा होता. सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत आणि ती शस्त्राने काढण्याची रीतही दिली आहे. मुकाट्याने झिजणारे मूत्रपिंड ओळखायला मात्र १८२७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट ह्या डॉक्टराने आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. अंगावर सूज असलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवली, की अंड्याच्या पांढऱ्यासारखा साका धरतो. आणि असा रोगी दगावल्यावर पाहिले, तर त्याची मूत्रपिंडे बिघडलेली आढळतात, हा संबंध त्याने दाखवला. चमचा आणि मेणबत्ती एवढ्याच सामग्रीवर हे झाले. आज हीच तपासणी कागदाच्या पट्टीने मिनिटभरात होते. माझ्या वडिलांची ती पस्तीस वर्षांत एकदाही झाली नव्हती.

आता मिठाकडे वळू. मीठ ही वस्तू आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे, की खाल्ल्या अन्नाला जागणारा माणूस आपण मिठाला जागणारा म्हणतो आणि गरिबाच्या जेवणाला मीठभाकर म्हणतो. ह्या मानाचे एक कारण असे, की मीठ देशावर पिकत नाही. ते कोकणातल्या मिठागरांतून, बैलांच्या पाठीवर, घाट चढून येई. लमाणांचे तांडे ते गावोगाव पोहोचवीत. कोकणातले मीठ मार खाऊ नये म्हणून पोर्तुगिजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवावी, असे शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिले होते. राजाने लक्ष घालावे एवढे मिठाचे मोल होते.

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८५८ मध्ये खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडी धावू लागली आणि १८६३ मध्ये घाटही रुळांनी जोडला गेला. चिंचवडच्या बाजारात मीठ येणे सोपे झाले. पण स्वस्त झाले नाही, कारण मधे सरकारचा कर उभा होता. १८८८ मध्ये तो मणाला अडीच रुपये होता. गोखल्यांनी १९०२ पासून व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यावर हल्ला चढवला. १९०७ मध्ये तो रुपयावर आला आणि १९२३ मध्ये पुन्हा अडीच रुपयांवर चढला. पुढे १९३० साली दांडीला, आणि आपल्याकडे शिरोड्याला व वडाळ्याला जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९४७ मध्ये मिठावरचा कर गेला.

हा लढा न्याय्यच होता. उन्हात राबणाऱ्या, घाम गाळणाऱ्या आणि दोन भाकऱ्यांवर दिवस काढणाऱ्या माणसाला मीठ हवेच असते. त्याच्या ताटात ते होतेच किती? भाकरीबरोबर ठेच्यातले, कालवणातले आणि जत्रेच्या दिवशी सुक्या बोंबलातले. आपल्या नातवाच्या ताटात मीठ गरजेहून जास्त होईल आणि तेच त्याच्या जिवावर उठेल, असे त्या पिढीला कोणी सांगितले असते तर ती हसली असती.

पण झाले तसेच. पिशवीबंद, आयोडीनयुक्त मीठ १९८३ पासून घरोघर जाऊ लागले. गलगंडाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. वाढ झाली ती वरून घातलेल्या मिठाची नव्हे; ती आधीच मुरलेल्या मिठाची झाली. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर जन्मलेला वडापाव कारखान्यांच्या दारांत येऊन उभा राहिला. पावात मीठ, वड्यात मीठ, लसणीच्या चटणीत मीठ आणि तोंडी लावायची मिरचीही मिठात घोळलेली. त्यावर मिसळ, फरसाण, पापड, लोणचे, आणि अलीकडे पाच रुपयांच्या पुडीतले वेफर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभर, मीठ पुरे म्हणते. आपण साधारणपणे त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. उपवासाला सैंधव चालते म्हणून ते निर्दोष, अशीही एक समजूत आहे. सैंधव हेही बहुतांशी तेच मीठ. ते फक्त खाणीतून आलेले असते.

मीठ आणि रक्तदाब ह्यांचा संबंध फ्रान्समधील दोन डॉक्टरांनी १९०४ मध्येच सुचवला होता. पुढे वाल्टर केम्पनर ह्या अमेरिकेत आश्रयाला गेलेल्या जर्मन डॉक्टराने मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या रोग्यांना अळणी भात व फळे ह्यांवर ठेवून पाहिले आणि १९४४ मध्ये त्याचे निकाल प्रसिद्ध केले. रक्तदाबावर गुणकारी गोळ्या नव्हत्या त्या काळात, नुसत्या अळणी भाताने अनेकांचा रक्तदाब उतरला होता. वाढलेला रक्तदाब गाळण्या फोडतो आणि फुटलेल्या गाळण्या रक्तदाब आणखी वाढवतात. हे रहाट एकदा फिरू लागले, की थांबवणे कठीण जाते.

ह्यापुढचा भाग पिंपरीचा आहे. पवनेच्या काठच्या ह्या भागात तोवर ज्वारी-बाजरी पिके आणि चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीसाठी आणि चापेकर बंधूंसाठी ओळखले जाई. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. ह्या औषधाचे आणि मूत्रपिंडाचे नाते मोठे मजेदार आहे. पेनिसिलिन शरीरात गेले, की मूत्रपिंडे ते काही तासांत बाहेर टाकतात. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला ज्या पोलिसावर ते प्रथम वापरले, त्याच्यासाठी औषध पुरेना, तेव्हा त्याच्याच लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचण्यात आले. तरीही शेवटी ते संपले आणि तो दगावला. मूत्रपिंडांनी इतक्या तत्परतेने बाहेर लोटलेले हे द्रव्य पिंपरीत टाक्याच टाक्या भरून तयार होऊ लागले आणि कित्येकांचे प्राण वाचले.

त्याच सुमारास, १९५४ च्या डिसेंबरात, बोस्टनमध्ये एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला यशस्वीपणे बसवण्यात आले. कृत्रिम मूत्रपिंड त्याआधीच आले होते. जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडात विलेम कोल्फ ह्या डॉक्टराने १९४३ मध्ये सॉसेजच्या सेलोफेन नळ्या लाकडी पिंपावर गुंडाळून ते बनवले आणि त्याचा पहिला रोगी १९४५ मध्ये जगला. आमच्या पिढीच्या आईवडिलांनी डायलिसिस हा शब्द बहुधा प्रथम ऐकला तो जयप्रकाशांमुळे. आणीबाणीच्या कैदेत त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १९७५ च्या अखेरीपासून १९७९ च्या ऑक्टोबरातील मृत्यूपर्यंत ते यंत्राच्या आधाराने जगले. त्यांच्या यंत्रासाठी लोकांनी एकेक रुपया दिला होता. माझ्या वडिलांनीही दिला होता, असे ते सांगत.

१९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले. आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने उभे राहिले. पुढे चाकणचीही पाळी आली. संग्रामदुर्गाने १६६० मध्ये शायिस्तेखानाला छपन्न दिवस थोपवले होते. कारखान्यांना कोणी थोपवले नाही, थोपवायचे कारणही नव्हते. दुष्काळात पोट भरले ते त्यांनीच. पण शेतातला माणूस कारखान्यात आला तेव्हा त्याची तहान भोंग्याच्या हवाली झाली. शेतात तहान लागली, की तो बांधावरच्या केळीतले पाणी पिई. न्याहारीला ताक किंवा आंबील असे. आणि लघवीला जायला कोणाची परवानगी नको होती. गतकाळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्याच पाण्यातून पटकी येई, पायऱ्यांच्या विहिरींतून नारू येई. पण पाणी केव्हा प्यायचे हे निदान त्याचे त्याला ठरवता येत असे.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याच्या पाण्याची आणि मुताऱ्यांची सोय सक्तीची केली होती. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी थंड करून देण्याचेही बंधन होते. कायद्याने पाणी ठेवले; पण ते प्यायला मशीन सोडून जावे लागते, आणि मजुरी नगावर असली म्हणजे माणूस जात नाही. वडिलांच्या फाउंड्रीत पाण्याची टाकी शेडच्या एका टोकाला होती आणि भट्टी दुसऱ्या. ‘पाणी प्यायले की जावे लागते, आणि गेले की दोन साचे कमी भरतात,’ असे ते म्हणत. उन्हाळ्यात त्यांना दरवर्षी उन्हाळी लागे. आई धण्याजिऱ्याचे पाणी करून देई, आग थांबे, आणि पुन्हा तेच सुरू होई.

मध्य अमेरिकेत ऊसतोड करणाऱ्या तरुण मजुरांमध्ये मधुमेह नसताना, फारसा रक्तदाब नसताना मूत्रपिंडे निकामी होत आहेत, असे एल साल्व्हादोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडले. कारणांचा वाद मिटलेला नाही. पण उन्हातले अंगमेहनतीचे काम आणि वारंवार पडणारी पाण्याची तूट ह्यांवर मोठा संशय आहे. ते वाचताना मला आमच्या गावचे कोयते आठवले आणि वडिलांची भट्टीही आठवली.

पाण्याची जागा चहाने घेतली. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली आणि त्यावरून केवढे ग्रामण्य माजले! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते घ्यावी लागली. पुढे पन्नास-साठ वर्षांत हाच चहा मजुराच्या पाळीचे घड्याळ झाला. चहाने शरीरातले पाणी आटते, हे फारसे खरे नाही. चहातही पाणीच असते. खोट आहे ती साखरेत. दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, आणि वर बिस्किटे. टिळकांनाही मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगात ते जवाच्या पिठावर राहिले. त्यांना आपला रोग ठाऊक होता आणि पथ्य पाळण्याचा निग्रहही होता. आज मूत्रपिंडे निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हेच आहे, आणि तो असलेल्या पुष्कळांना तो आहे हेच ठाऊक नसते. वडिलांचा कळला तो पायाची जखम भरेना तेव्हा.

राहिली ती गोळी. ह्याची सर्वांत बोलकी कहाणी स्वीडनमधील हुस्क्वार्ना ह्या कारखान्यांच्या गावची आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर तेथल्या एका डॉक्टराची फेनासेटिनयुक्त पूड कामगारांत लोकप्रिय झाली. साथ गेली, पूड राहिली. थकवा जातो, हात झपाझप चालतात, म्हणून लोक ती रोज घेऊ लागले; भेट म्हणूनही देऊ लागले. पुढे मूत्रपिंडाच्या रोगाने माणसे मरू लागली, तेव्हा शोध घेतला गेला आणि बोट त्या पुडीकडे गेले. स्वित्झर्लंडच्या घड्याळांच्या कारखान्यांतही हेच घडले होते. फेनासेटिन पुढे अनेक देशांत बंद झाले. पण त्या जागी दुसऱ्या गोळ्या आल्या.

डायक्लोफेनॅक हे त्यांतले एक नाव. हे औषध दिलेली जनावरे मेल्यावर त्यांचे मांस खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्याचा वापर बंद केला. तोवर गिधाडांनी भरलेले आकाश रिकामे झाले होते. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण अंगात पाणी कमी पडले, की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवण्यासाठी शरीर काही द्रव्ये तयार करते. ही गोळी त्याच जातीची द्रव्ये थांबवून दुखणे थांबवते. कंबर हलकी होते आणि मूत्रपिंडाकडचा ओघ आटतो. रिकाम्या पोटी, घामाने निथळलेल्या अंगाने, चहाच्या घोटाबरोबर घेतलेली गोळी म्हणूनच वाईट. वडिलांच्या शर्टाच्या खिशात एका बाजूला तंबाखूची चंची आणि दुसऱ्या बाजूला ह्या गोळ्यांची पट्टी असे. टपरीवर चहाबरोबर त्या सुट्याही मिळत.

लोकांच्या उपायांबद्दलही दोन शब्द लिहितो. आमच्याकडे खड्यावर हुलग्याचे कढण देतात. त्या निमित्ताने माणूस दोन तांबे पाणी जास्त पितो, एवढा त्यात निदान खात्रीचा गुण आहे. हुलग्याची शेंगोळी मला आवडतात, पण ती औषध म्हणून खाल्ली नाहीत तरी चालतात. बिअरने खडा पडतो, हे शास्त्र बहुधा बिअर पिणाऱ्यांनीच लिहिलेले असावे. दूध-दही सोडले की खडा होत नाही, ही समजूत तर उलटीच निघाली. अमेरिकेत ४५ हजारांवर पुरुषांच्या आहाराची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. आहारात कॅल्शियम अधिक असलेल्यांना खडे कमी झाले होते. आणि भरपूर पाणी प्या, हा उपदेशही सर्वांना सारखा लागू नाही. ज्याची मूत्रपिंडे थकली आहेत, त्याला पाणी मोजावे लागते. शहाळेदेखील त्याला घातक ठरू शकते. आमच्या घरी एक नातेवाईक प्रेमाने शहाळी घेऊन आले होते. ती परत देताना आईला रडू आले.

हे सगळे वडिलांच्या पिढीचे झाले, असे म्हणून मी वही मिटणार होतो. पण दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये वर्गात एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिची पाण्याची बाटली दुपारी दोन वाजताही काठोकाठ भरलेली होती. मी विचारले, तेव्हा ती बोलली नाही, शेजारची बोलली. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हते. म्हणून वर्गातल्या बहुतेक मुली सकाळपासून घरी जाईपर्यंत पाणीच पीत नव्हत्या. वडील दोन साच्यांसाठी तहान मारीत होते. ह्या लाजेसाठी मारीत होत्या. आपल्या शहरात २०१९ च्या अखेरीस पाणीपुरवठा दिवसाआड झाला आणि धरणातून बंद नळाने पाणी आणण्याच्या योजनेपायी २०११ च्या ऑगस्टात मावळात तीन शेतकऱ्यांचे बळी गेले. एवढ्या मोलाने आलेले पाणी मुलीच्या बाटलीत तसेच राहत होते.

केरळातील शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, हे मी वाचले होते. आमच्या मुख्याध्यापकांना तसे सुचवले आणि दिवसातून तीनदा ती घंटा होऊ लागली. मुलगे बाटल्या रिकाम्या करू लागले. मुली घोटभर पिऊन झाकण लावीत. कडी बसवायला आणि टाकी जोडायला पाच महिने लागले. त्यानंतर मात्र मुलींच्याही बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या.

ह्या दिवाळीत दुसरे ताट वडिलांच्या तसबिरीपुढे असेल. चकलीत मीठ किती घालायचे ह्यावरून आईचा आणि माझा वाद दरवर्षीप्रमाणे झाला आहे, आणि तो तीच जिंकेल. पण ताटाशेजारी पेला ठेवायचा नाही, तांब्या ठेवायचा, आणि तो भरून, हे तिने आधीच सांगून ठेवले आहे.